औषध आले, दार मात्र बंदच

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा ह्या कॅथलिक तरुणाला पोलिसांनी धरून नेले. त्याचा अपराध कोणता? तो नियमित रक्तदाता होता आणि त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला. म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात त्याला ६४ दिवस कोंडून ठेवले. अखेर त्याच्या मातेला, लुसी डिसोझा ह्यांना, उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १९९२ साली तो देवाघरी गेला. त्यापूर्वी आपल्यासारख्यांसाठी त्याने संस्था उभारली.

त्या काळी औषध नव्हते, म्हणून भीती समजू शकते. आज कोणती सबब आहे? १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला. २०१७ पासून निदान होताच तो मिळू लागला. रोज नेमाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतके घटतात की चाचणीत दिसत नाहीत, आणि ते तसे राहिले तर पतीपत्नीच्या संबंधातूनही लागण होत नाही. गर्भवती मातेने वेळेवर औषध घेतल्यास बाळ बहुधा निरोगी जन्मते. वैद्यांनी आपले काम पुष्कळ केले. आमचे भांडण आहे ते आपल्या घराघरांतील पेल्याशी, बाधितासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या त्या पेल्याशी.

नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता आमच्या माजिवड्याला मिळतात. त्यामुळे बोट दाखवायला ट्रकवाले आयतेच सापडतात! पण उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकलेल्या किती पत्नींना पतीकडून हा रोग मिळाला? त्यांचे पाप कोणते? संयम आणि निष्ठा आम्ही शिकवतो, शिकवत राहू. परंतु चूक असलीच, तर तिचा निवाडा पापनिवेदनात होतो, शेजाऱ्यांच्या अंगणात नव्हे.

कुजबुजीची किंमत रोगी मोजतो. ठाण्यात औषध मिळत असता, ओळखीचे कोणी पाहील म्हणून माणसे दूर मुंबईला जातात. एखादी फेरी चुकते, गोळ्यांत खंड पडतो आणि विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करण्यास त्याने बंदी घातली. स्वयंपाकघरात मात्र कायदा शिरत नाही.

तेव्हा विवाहपूर्व शिबिरात एक पूर्ण तास डॉक्टरांना द्यावा, अशी आमची मागणी आहे. वधूवरांनी स्वेच्छेने चाचणी करावी; कोणी धर्मगुरूने तिचे प्रमाणपत्र मागू नये, कारण संमतीशिवाय चाचणी कायद्याला मान्य नाही. आणि त्या तासाला बाधित जोडपे आले, तर त्यांची खुर्ची इतरांच्या रांगेतच मांडावी.