गोळीचा वेग आणि घाण्याचा क्रमांक

महागांवाहून एका वाचक भगिनींनीं विचारिलें आहे कीं, त्यांचा नातू रायफलची नेमबाजी शिकतो. एकाच नांवाच्या काडतुसांची एक पेटी चांगली चालते, दुसरींतील गोळ्या मात्र खालींवर लागतात. दोष मुलाचा कीं पेटीचा? ज्या आजोबांनीं तरुणपणीं ठासणीच्या बंदुकीनें शेतांतलीं रानडुकरें हांकलिलीं, ते म्हणतात, “घरींच भरूं.”

पन्नास मीटरांच्या शर्यतींत गोळीचा वेग सेकंदास ३२० मीटर धरला, तर लक्ष्यापर्यंत जातां जातां ती सुमारें १२ सेंटिमीटर खालीं उतरते. हा उतार नेम बसवितांना हिशेबांत घेतलेलाच असतो. पण पुढची गोळी ३१० मीटरांच्या वेगानें निघाली, तर ती आणखी ८ मिलिमीटर खालीं लागेल. दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंद! मधोमध बसावयाची गोळी त्याच्या कांठाशीं जाते, आणि मुलाचा हात तर हललेलाहि नसतो. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत ह्याच अंतरावर कांस्यपदक मिळविलें. तेथें अंतिम फेरींत गुणांचे दशांशहि मोजतात.

म्हणून गोळी वेगवान असण्यापेक्षां सारख्या वेगाची असणें महत्त्वाचें. एकजात मंद गोळ्यांसाठीं नेम बदलतां येतो. लहरी गोळ्यांसाठीं काय बदलणार?

हा लहरीपणा येतो दारूच्या वजनांतून, पुंगळीच्या आंतील जागेंतून, ती गोळीला किती घट्ट धरते ह्यांतून आणि ठिणगीच्या जोरांतून. पोहे मापट्यानें मोजतांना दाबून भरले तर अधिक, सैल भरले तर कमी. तराजूपुढें ही लबाडी चालत नाहीं. आजोबांची दारू मापानें आणि गजाचा दाब अंदाजानें. डुकराला तेवढें पुरे होतें! शिवाय दारू तापली कीं बहुधा वेगहि वाढतो; वऱ्हाडच्या उन्हांत पेटी उघडी ठेवूं नये.

आजोबांस नम्रपणें सांगावें कीं, नातवाच्या काडतुसांत ठिणगीचें मिश्रण तळाच्या कांठांतच असतें. घोड्यानें तो कांठ एकदां चेपला कीं पुंगळी घरीं पुन्हां भरण्याजोगी राहत नाहीं. मोठ्या रायफलींचीं काडतुसें परदेशांत हौशी लोक घरीं भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्याशिवाय दारूगोळा बनविणें गुन्हा आहे. हा हट्ट सोडावा हें बरें.

मग पारख कशी करावी? बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रजानें १७४२ सालीं टांगलेल्या लांकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, तो किती मागें झुलतो त्यावरून वेग काढिला. (हाच गृहस्थ पुढें कंपनीचा इंजिनियर होऊन मद्रासकडे आला व १७५१ त तेथेंच वारला.) आतां गोळी दोन प्रकाशपट्ट्यांमधून जाते व यंत्र वेळ मोजतें. मात्र पांच गोळ्यांवरून निकाल देऊं नये. पांच सारख्या निघणें हा योगायोगहि असूं शकतो. प्रत्येक पेटींतील वीस-पंचवीस तरी झाडाव्या, आणि दोन्हींतील संख्या सारखी ठेवावी. कारण जितक्या अधिक झाडाल तितकें सर्वांत वेगवान व सर्वांत मंद गोळींतलें अंतर वाढतच जातें.

पेटीवर घाण्याचा क्रमांक छापलेला असतो. नांव एक असलें तरी घाणे निराळे. मोठे नेमबाज रायफल शिकंजांत आवळून निरनिराळे घाणे पारखतात आणि आवडलेल्याचा सांठा करून ठेवितात. भगिनींनीं चांगल्या पेटीचा क्रमांक लिहून ठेवून दुकानदाराकडे तोच मागावा. दुसरी पेटी सरावाला वापरावी, आणि तिच्या गुणांवरून मुलाला बोलूं नये.