पत्त्याचा रकाना

बँकेच्या नोकरीत मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचले. अर्जात नाव, वय, धंदा, जामीनदार असे सगळे असते. पण शाखेतला मुरलेला माणूस आधी पत्त्याचा रकाना बघतो. माणूस कसा आहे हे कळायला वर्ष लागते, तो कुठे राहतो हे एका ओळीत कळते.

तिशीच्या आत असताना माझी बदली जालना जिल्ह्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या परिसरात झाली. आज हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. तेव्हा आमच्याकडे शेळ्या-म्हशींसाठी सरकारी योजनेतले अर्ज येत आणि चौकशीला वस्तीवर जावे लागे. गावाच्या कडेला, दलित वस्तीत, दोन शेळ्यांसाठी अर्ज केलेल्या एक आजी भेटल्या. १९७२च्या दुष्काळात त्यांची लेक आणि जावई मुंबईला गेले, ते तिकडचेच झाले.

"लेक काय करते, आजी?"

"कचरा येचती, सायेब. गोवंडीला. तिथं कचऱ्याचा डोंगर हाये म्हणं. नातवाला दम लागतो. त्याला इकडं आणीन म्हणते, शेळीचं दूध पाजीन."

शेळ्यांचे कर्ज मंजूर झाले. नातू मात्र आला नाही. शाळा बुडेल, असे लेकीने कळवले.

काही वर्षांनी माझी मुंबईला बदली झाली. आजींचा निरोप घेऊन मी ते घर शोधले. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असेल. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून तो श्वास घेत होता. त्याच्या आईला कचरा सोडून भाजीची हातगाडी लावायची होती. पुढे तिचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. त्या वस्तीतले अर्ज बाजूला ठेवा, अशी आमच्या शाखेत तोंडी सूचना होती. मी पेन्सिलीने फुली मारली आणि 'उत्पन्नाचा पुरावा अपुरा' असा शेरा लिहिला. खरे कारण पत्ता होते. ही गोष्ट मी आजवर कोणत्याही कादंबरीत लिहू शकलेलो नाही.

निवृत्तीनंतर अमेरिकेतल्या लाल रेघांविषयी वाचले, तेव्हा ती फुली आठवली. १९३०च्या दशकात तिथे शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या. तिथे घरासाठी कर्ज देणे धोक्याचे, असा त्याचा अर्थ. त्या वस्त्यांच्या अंगावरून पुढे महामार्ग गेले, शेजारी कारखाने आले. आजही अनेक शहरांत त्याच वस्त्या उन्हाळ्यात अधिक तापतात, असे अभ्यास सांगतात. १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन परगण्यात, बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या भागात, विषारी माती आणून पुरायला सुरुवात झाली, तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले. हवा-पाण्याचा प्रश्न हा वर्णाचाही प्रश्न आहे, ही गोष्ट तिथून देशभर चर्चेत आली.

आपल्याला हे नवे वाटायला नको. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते पाण्याच्या हक्कासाठीच. त्याच १९२७ साली मुंबईने आपला कचरा टाकण्यासाठी देवनारची जागा धरली. हा योगायोगच; पण घाण कोणाच्या दारात टाकायची हे आपल्याकडे फार आधीपासून ठरत आले आहे. तिथे रंग, इथे जात. गोवंडीत आज दलित आहेत, मुसलमान आहेत, सगळ्या जातींचे गरीब आहेत. तरी अमक्याने इथे राहू नये, अशी पाटी न लावता दुसरीकडून परत पाठवली गेलेली माणसेच तिथे जास्त दिसतात.

"पण ही माणसे तिथे राहायला गेलीच का?" असा प्रश्न दिवाणखान्यात हमखास निघतो. त्यातली कित्येक गेली नाहीत, नेऊन ठेवली गेली. १९७६ साली, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून तिथल्या हजारो लोकांना चीता कॅम्पला हलवले, तोही याच एम-पूर्व विभागात. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग तळाला होता. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलला पाठवली गेली. अखेर २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही.

याची झळ मुलांना जास्त बसते. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचरा पेटला, तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि परिसरातल्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपल्या घरी फोडणीत मिरची जास्त पडली की ठसका लागतो आणि आपण खिडकी उघडतो. तिथल्या आईला खिडकी लावून घ्यावी लागते.

शहराचा कचरा कुठेतरी जाणारच आणि मुंबईत जागा नाही, हे मान्य. पण २०२४ साली राज्य सरकारने धारावी पुनर्विकासासाठी याच कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचा निर्णय घेतला. २०२५ साली महापालिकेने तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हलवण्यासाठी निविदा काढली. कचरा हलेल, त्याखालची माती, तिथला वायू, तिथले पाणी यांचे काय? त्यांची तपासणी होऊन आकडे लोकांसमोर, मराठीत आणि हिंदीत, ठेवले जाईपर्यंत एकाही मुलाचे बिऱ्हाड तिथे जाऊ नये. आणि आसपासच्या प्रत्येक शाळेत मुलांच्या श्वासाची वर्षातून दोनदा तपासणी होऊन तिची नोंद राहावी. कर्जखात्याची नोंद आपण पैशापैशाने ठेवतो, मग श्वासाची का नको?

आपल्यापुरते म्हणाल, तर ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा. एकत्र टाकलेला तो डबा कोणाच्या तरी लेकराच्या उशाशी जाऊन सडतो, कधी पेटतो.

आजींचा नातू आज चाळिशीपुढचा असेल. त्याला मुले असतील, ती शाळेत जात असतील. त्यांच्या दाखल्यावर पत्त्याच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही. ती पेन्सिलीची फुली मात्र मला अजून खोडता आलेली नाही.