हुमणीचे वेळापत्रक आणि आपले

ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी कृषिदूत व कृषिकन्या लवकरच गावोगावी दाखल होतील. १ जुलैचा कृषी दिन, बीजप्रक्रिया, माती परीक्षण हे कार्यक्रम ठरलेलेच. हुमणीचे प्रात्यक्षिक मात्र बहुधा मुळाशी अळी दिसू लागल्यावर होते. तोवर फार उशीर झालेला असतो. वळवाच्या दमदार पावसानंतर भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. एक मादी पुढे ५०-६० अंडी घालते. त्या मोजक्या रात्री फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. म्हणून हा एक कार्यक्रम तारखेऐवजी पावसाला बांधावा. विद्यार्थी तेव्हा सुटीत घरी असतात. मग त्यांच्याच गावी तो कार्यानुभवात धरावा. अंधारात छायाचित्रे नीट येणार नाहीत, एवढीच अडचण.