पडद्यावरचे लेणे

लांबी, रुंदी आणि उंची असलेली आकृती संगणकावर रेखाटणे ही एके काळी केवळ स्थापत्यविशारदांची विद्या होती. सन २००० मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात तयार झालेल्या ‘स्केचअप’ या प्रणालीने ही वाट पुष्कळच सोपी केली. २००६ मध्ये गूगलने ती विकत घेऊन तिची एक आवृत्ती विनामूल्य दिली. २०१२ मध्ये ती ट्रिंबल कंपनीकडे गेली. तरी तिचे एक विनामूल्य रूप घरच्या संगणकावर अजूनही वापरता येते. पडद्यावर चौकोन काढून तो वर ओढला की त्याचा चौथरा होतो. आत ढकलला की तेथे खळगा पडतो.

हे सोपेपण पाहून काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. श्रमावाचून विद्या कसली, असे त्यांना वाटते. मला ते पटत नाही. साधन अवघड असणे हा काही त्याचा गुण नव्हे. श्रम अवश्य करावेत. परंतु ते साधनापाशी न अडता वस्तूपर्यंत पोचले पाहिजेत.

अंबाजोगाईच्या मुलांना अशी वस्तू दूर शोधावी लागत नाही. तेथील हत्तीखाना लेणे अंगणातील दगडी हत्तींमुळे त्या नावाने ओळखले जाते. घर बांधताना दगडावर दगड चढवितात. लेण्यात मात्र दगड काढून जागा निर्माण करावी लागते. म्हणून पडद्यावरही आधी अखंड खडक काढावा, मग खांबांपुरता भाग राखून पोकळी आत ढकलीत न्यावी. प्राचीन कारागिराच्या विचाराजवळ आपण या रीतीने थोडे तरी जातो.

परंतु खांब किती जाड? दोन खांबांत अंतर किती? पडदा हे सांगत नाही. अंदाजाने आकडा घातला तरी चित्र तितकेच सुबक दिसते, आणि खरा धोका हाच आहे. फीत घेऊन लेण्यात जावे, दोघांनी दोन टोके धरावीत, तिसऱ्याने वहीत आकडे टिपावेत. झिजलेल्या खांबाच्या चार बाजू सारख्या भरत नाहीत, हे तेथेच कळते. शिवाय पडद्यावर सारे खांब पुसले तरी छत अधांतरी राहते! वजन नावाची गोष्ट त्या जगात नाही. तेथे चूक झाली तर एक पाऊल मागे येता येते; कारागिराला ती सोय कोठून असणार? छिन्नीने उडालेली कपची पुन्हा बसत नाही.

ऊनपावसाने खडक झिजतच असतो. आज मोजून काढलेली आकृती पन्नास वर्षांनी लेण्याशी ताडून पाहता येईल. अंदाजाने काढलेलीचा तेव्हा काहीच उपयोग नाही.

राहिले हत्ती. त्यांची गोलाकार अंगे अशा ओढण्या-ढकलण्याने सहसा साधत नाहीत. ती सध्या वहीत पेन्सिलीनेच काढावीत.