जुन्या शब्दाचा मान

१ जानेवारी १९७० पासून सरलेले सेकंद मोजत राहणे, ही युनिक्स परंपरेतील संगणकांची कालगणना. हा आकडा ३२ बिटांत साठवला, तर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी त्याची मर्यादा संपते. पुढच्याच सेकंदाला घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागते. नेटवर्कवरून संदेश केव्हा आला हे सांगणारा सॉकेटचा टाइमस्टॅम्पही ३२ बिटी यंत्रांवर याच आकड्याच्या भरवशावर होता.

लिनक्स कर्नेलच्या २०१९ मधील ५.१ या आवृत्तीत त्यावर उपाय झाला. भाषेचा शिक्षक म्हणून मला त्याची रीत महत्त्वाची वाटते. जुन्या मागणीचा अर्थ परस्पर बदलला गेला नाही. ती तशीच ठेवून शेजारी ६४ बिटी उत्तर देणारी नवी मागणी आणली. प्रोग्रॅममध्ये लिहायचे नाव मात्र एकच; त्याचा जुना अर्थ घ्यायचा की नवा, हे त्या प्रोग्रॅमने काळासाठी किती बिटांचा आकडा स्वीकारला आहे, यावरून कंपाइल करताना ठरते. शब्द तोच, अर्थ संदर्भाने. आपल्याला हे अपरिचित नाही.

या सबुरीला वेळकाढूपणा म्हणणे अन्यायाचे होईल. जुना प्रोग्रॅम लिहिणारा आज हयातही नसेल. त्याला दिलेला शब्द मोडण्याचा अधिकार सुधारकाला नाही. मात्र या सौजन्याला मर्यादा आहे. एखाद्या जुन्या उपकरणातला जो ३२ बिटी प्रोग्रॅम कोणीच नव्याने कंपाइल करणार नाही, तो २०३८ मध्ये चुकेल. कर्नेलने आपले काम केले आहे. उरलेले काम त्या उपकरणांच्या कर्त्यांचे आहे, आणि त्याला मुदत आहे.