पायरीपाशी अडलेला सहभाग

हिऱ्याला पैलू पाडण्याचे काम बसून करावयाचे असते. त्यास स्थिर हात आणि सावध नजर लागते. पाय धडधाकट असलेच पाहिजेत असे नाही. जगातील बहुतांश हिरे ज्या सुरतेत घासले जातात, तेथे पोलिओने पाय दुबळे झालेल्या माणसास कामाची वाण पडू नये. परंतु कारागिराची घंटी पुष्कळदा वरच्या मजल्यावर असते आणि तिथवर जिन्यानेच जावे लागते. हात कामाचे असूनही माणूस खालीच राहतो.

सुरतेत अपंगांसाठी झटणाऱ्या संस्था नाहीत असे नाही. अंबाबेन मगनलाल अंधजन शाळा तेथे आहे. स्वतः पोलिओग्रस्त असलेले पद्मश्री कनुभाई टेलर यांनी उभारलेला डिसेबल वेल्फेअर ट्रस्ट अपंग मुलांची शाळा चालवतो. दयेच्या पात्रतेपलीकडे अपंग माणूस पाहण्याची सवय समाजास लावणे, हे अशा संस्थांचे खरे कार्य होय आणि ते मोठे आहे. मात्र संस्था मुलास शिकवून उंबरठ्यापर्यंत आणील. दुसऱ्याच्या इमारतीतील पायरी तिला फोडता येत नाही.

'पूर्ण सहभाग आणि समानता' हे संयुक्त राष्ट्रांनी 1981 च्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षास दिलेले सूत्र. आपल्या 1995 च्या कायद्याने 'पूर्ण सहभाग' हे शब्द थेट स्वतःच्या नावात घेतले. त्याच्या जागी 2016 चा कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीन टक्क्यांच्या चार टक्के झाल्या. दरम्यान 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' शब्दही आला. शब्द बदलण्यास खर्च येत नाही, हे त्याच्या वेगावरून दिसतेच.

सुरतेची खरी अडचण निराळी आहे. ते शहर खाजगी धंद्याचे. सरकारी नोकरीतील चार टक्के तेथील गिरणीत, पेढीत वा हिऱ्याच्या कारखान्यात लागू होत नाहीत. खाजगी मालकाने पाच टक्के अपंग कामावर घ्यावेत म्हणून सरकारने त्यास उत्तेजन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. मालकाच्या मर्जीवर सोडलेल्या या कलमापेक्षा आम्हांस त्याच कायद्याचे 44 वे कलम अधिक कामाचे वाटते. अपंगांस वावरता येईल अशी सोय नसलेल्या इमारतीस पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे ते बजावते. मालकाचे मन वळवावे लागत नाही. नगरपालिकेच्या अधिकाऱ्याने सही रोखली की पुरे.

आणि सही रोखणारे प्रशासन म्हणजे काय, हे सुरतेस कोणी शिकवावयास नको. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भयाने लाखो लोक ते शहर सोडून पळाले. पुढील वर्षी एस. आर. राव आयुक्त झाले. घाण निघाली, अतिक्रमणे पडली, रस्ते रुंदावले आणि दोनेक वर्षांतच सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. तेव्हा बड्यांचीही बांधकामे वाचली नाहीत. प्लेग सर्वांच्या दारी येतो, म्हणून ते झाले. पायरी ज्याला अडवते तो दारात दिसतच नाही.

सुरतेकडे बोट दाखवताना आम्हांस आमचे अंगणही पाहिले पाहिजे. जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला, देशभरातून अपंग बांधव आले, गोव्याचे नाव झाले. त्याचा आम्हांस अभिमान आहे. सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रास बजावले. तेव्हा राज्य शासनास आमचा सरळ प्रश्न आहे. 2017 मध्ये कायदा अमलात आल्यापासून आमच्या नगरपालिकांनी आणि पंचायतींनी उतरंड वा लिफ्ट नाही या कारणाने किती इमारतींचे भोगवटा दाखले अडवले? तो आकडा, तालुकावार, येत्या विधानसभा अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावा.