गारपीट आणि बाजारांतील छप्पर

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास विदर्भ व मराठवाड्याच्या सपाट मुलखांत आकाशाची जी लहर फिरते, ती आतां कोणास नवी राहिलेली नाहीं. जमीन तापते, समुद्राकडून ओलसर वारा आंत शिरतो, वर पश्चिमेकडील थंड व कोरडी हवा येऊन पोहोंचते, आणि दोन प्रहरीं निरभ्र असलेलें आभाळ दिवस मावळण्यापूर्वी गारा ओतूं लागतें. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत हा प्रकार मधून मधून कित्येक दिवस चालला. उभा गहूं आडवा झाला, हरभरा घाट्यांसह मातींत गेला, संत्र्यांच्या बागा झोडपून निघाल्या. पुढेंहि अशीं वर्षें आलींच. तथापि दर खेपेस आम्ही त्यास ‘अवकाळी’ म्हणून मोकळे होतों. जणूं हा पाहुणा न कळवितां आला!

न कळवितां तो येत नाहीं. हवामानखातें पिवळा, नारिंगी अथवा तांबडा इशारा कांहीं दिवस आधीं देतें. रडारवर ढग दिसल्यावर पुढील तीन तासांपुरती सूचना निघते. विजेसाठीं पुण्याच्या शास्त्रज्ञांनीं केलेलें ‘दामिनी’ हें ॲप आहे. उभ्या पिकास या साऱ्याचा उपयोग बेताचाच, हें आम्हांस कबूल आहे. गव्हाच्या शेतावर कोणी छत्री धरूं शकत नाहीं. परंतु कापून, मळून किंवा उकडून बाजारांत आणलेला माल वांचवितां येतो, आणि येथेंच शहरवासी व्यापाऱ्याचा संबंध येतो.

हिंगोली, वसमत, नांदेड या बाजारांत ह्याच दिवसांत हळद येते. शेतकऱ्यानें ती खणली, शिजविली, कित्येक दिवस उन्हांत वाळविली. एका सरीनें ती भिजली कीं रंग उतरतो, बुरशी धरते आणि तिचा भाव पडतो. आतां छपराखालीं पाहावें तों काय दिसतें? पुष्कळ ठिकाणीं व्यापाऱ्याच्या विकत घेतलेल्या थप्प्या तेथें स्वस्थ बसलेल्या, आणि ज्याचा लिलाव वा काटा व्हावयाचा तो ढीग उघड्या ओट्यावर! काटा होईपर्यंत माल शेतकऱ्याचा, म्हणून नुकसानहि त्याचेंच. पीकविमा शेतांतील पिकापुरता. ओट्यावरच्या ढिगास तो ओळखीत नाहीं.

व्यापारी म्हणतील, बाजार फी आम्ही भरतों. खरें, पण भाव बोलतांना ती फी हिशेबांत धरीत नाहींत, असा व्यापारी आम्हांस तरी आढळलेला नाहीं. शिवाय नियंत्रित बाजार ही कल्पना वऱ्हाडांत १८९७ च्या कायद्यापासूनची आहे, आणि १९६३ च्या कायद्यानें ती राज्यभर पसरली; ती विकणाऱ्याच्या रक्षणासाठीं होती, थप्प्यांच्या नव्हे.

आमची मागणी मोठी नाहीं. नारिंगी इशारा निघतांच बाजार समितीनें तो कर्ण्यावरून सांगावा. त्या दिवशीं छपराखालील घेतलेला माल गोदामांत हलवावा, न हलविल्यास भाडें आकारावें. लिलाव झालेल्या मालाचा काटा त्याच दिवशीं व्हावा, मग मापाऱ्यांस व हमालांस जादा मजुरी द्यावी लागली तरी चालेल. आणि ताडपत्र्या समितीच्या असाव्या. त्या शोधावयास शेतकऱ्यानें पावसांत दुकानोदुकान हिंडूं नये.